लाभांशाची तारीख आणि निवृत्तीची पुंजी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्षअखेर जवळ आली की माझ्यासारख्या निवृत्त लेखापालाच्या भ्रमणध्वनीवर एका विशिष्ट प्रकारचे संदेश येऊ लागतात. अमुक म्युच्युअल फंडाच्या निवृत्ती योजनेने लाभांश जाहीर केला असून ‘रेकॉर्ड डेट’च्या आत पैसे गुंतवणाऱ्यालाच तो मिळेल, तेव्हा त्वरा करावी, असा त्यांचा मजकूर असतो. पाठवणारे बहुधा ओळखीचेच असतात. कोणी शेजारी, कोणी जुना सहकारी, कोणी विमा आणि फंड दोन्ही विकणारा एजंट. यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. पाठवणाऱ्यांपैकी अनेकांचा त्या मजकुरावर मनापासून विश्वास असतो, आणि मला त्याचीच अधिक काळजी वाटते. निवृत्तीसाठीच्या फंडात पैसे कधी घालावेत आणि लाभांशाच्या तारखेचा त्याच्याशी काय संबंध आहे, याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

माझ्या भाच्याचे उदाहरण देतो. तो सत्तेचाळीस वर्षांचा असून चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. घरकर्जाच्या हप्त्यांमुळे त्याने जुनी करप्रणाली ठेवली आहे आणि तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात मोडतो. गेल्या मार्चमध्ये हाती आलेले बोनस आणि थकबाकीचे मिळून ५ लाख रुपये त्याने अशाच एका संदेशावरून निवृत्ती योजनेच्या लाभांश पर्यायात गुंतवले. संदेशात ‘२५ टक्के लाभांश’ असे म्हटले होते. ते टक्के युनिटच्या १० रुपयांच्या दर्शनी मूल्यावरचे होते, म्हणजे प्रतियुनिट अडीच रुपये; युनिटचा भाव मात्र २५ रुपये होता. त्याला २० हजार युनिटे मिळाली. दोन दिवसांनी रेकॉर्ड डेट उलटली आणि ५० हजार रुपये लाभांश झाला. त्यातून १० टक्के करकपात होऊन ४५ हजार खात्यात आले, आणि त्याच संध्याकाळी त्याने मला आनंदाने दूरध्वनी केला. मी त्याला एवढेच विचारले की आज युनिटचा भाव काय आहे. भाव साडेबावीस रुपये होता.

बाजाराची त्या दोन दिवसांची किरकोळ हालचाल बाजूला ठेवली, तर हे घडणारच होते. फंडाच्या तिजोरीतून प्रतियुनिट अडीच रुपये बाहेर पडले, की निव्वळ मालमत्ता मूल्य, म्हणजे आपण ज्याला एनएव्ही म्हणतो ते, तेवढ्यानेच खाली येते. कंपनीच्या समभागाच्या बाबतीत लाभांशानंतरचा भाव बाजार ठरवतो, त्यामुळे घट थोडी कमी-जास्त होऊ शकते; फंडाच्या युनिटबाबत ही निव्वळ वजाबाकी असते. भाच्याच्या ५ लाखांचे साडेचार लाख युनिटांत राहिले आणि ५० हजार त्याच्याच खात्यावर परत आले. या परत आलेल्या स्वतःच्या पैशांवर त्याला ३० टक्के दराने १५ हजार आणि त्यावर उपकराचे ६०० असा एकूण १५,६०० रुपये कर लागला. करकपातीचे ५ हजार त्यातच धरलेले आहेत. तीन दिवस थांबून साडेबावीसच्या भावाने त्याने तीच रक्कम गुंतवली असती, तर बावीस हजारांहून थोडी अधिक युनिटे मिळाली असती आणि पूर्ण ५ लाख कामाला लागले असते. हिशेब प्रामाणिक असावा म्हणून हेही नमूद करतो की त्याची खरेदी किंमत २५ रुपये धरली जाणार असल्याने पुढे युनिटे विकताना भांडवली नफा ५० हजारांनी कमी दिसेल. इक्विटी, म्हणजे समभागांत पैसे गुंतवणाऱ्या, योजनेच्या दीर्घकालीन नफ्यावर सध्या १२.५ टक्के दर आहे, तोही वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या नफ्यावर. म्हणजे फार तर ६,५०० रुपये कधीतरी वाचतील. ते पाच वर्षांच्या आत वाचणार नाहीत, कारण २०१७ मध्ये सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेने केलेल्या वर्गीकरणानुसार या प्रकारच्या निवृत्ती योजनांत किमान पाच वर्षे किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, पैसे अडकलेले असतात.

याच वजाबाकीचे एक प्रसिद्ध उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी आहे. मार्च २००० मध्ये मुंबईतील वॉलफोर्ट या दलाली संस्थेने एका फंडाची युनिटे १७ रुपये २३ पैशांना घेतली, प्रतियुनिट ४ रुपये लाभांश घेतला आणि तीन दिवसांनी तीच युनिटे १३ रुपये २३ पैशांना परत केली. पैशाचाही फरक नाही. त्या काळी लाभांश करमुक्त होता आणि विक्रीतला तोटा इतर उत्पन्नातून वळता करून घेता येत असे, म्हणून हा खटाटोप फायद्याचा होता. प्रकरण वर्षानुवर्षे चालले आणि २०१० मध्ये निकाल करदात्याच्या बाजूने लागला, कारण व्यवहार झाला तेव्हा त्याला आडकाठी करणारी तरतूद कायद्यात नव्हती. व्यवहारानंतर, पण निकालाच्या बऱ्याच आधी, १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ९४(७) आले आणि ती वाट बुजवली गेली. मला त्या खटल्यात एक गोष्ट बोलकी वाटते. मोठ्या रकमांची उलाढाल करणारे लोकही लाभांशासाठी युनिटे घेत नव्हते; ते करासाठी घेत होते, आणि लाभांशामुळे भाव तेवढाच पडणार हे त्यांनी गृहीतच धरले होते. आज लाभांश करपात्र आहे, त्यामुळे त्या युक्तीचे टोक उलट फिरले आहे. जो पूर्वी कर वाचवण्यासाठी रेकॉर्ड डेटच्या आत शिरत होता, तो आज त्याच कृतीने कर ओढवून घेतो.

आपल्या लोकांना ही सवय लागली कशी, याचाही विचार केला पाहिजे, कारण नुसते अज्ञान म्हणून ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या, म्हणजे पीपीएफच्या खात्यात महिन्याच्या ५ तारखेच्या आत पैसे भरावेत, हे आपल्याकडे घरोघरी पाठ आहे आणि ते अगदी खरे आहे. तेथे ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज धरले जाते. दीड लाख रुपये ५ एप्रिलऐवजी ६ एप्रिलला भरले, तर ७.१ टक्के दराने एका महिन्याचे सुमारे ८८७ रुपये व्याज बुडते. तारीख पाळणाऱ्याला तेथे खरोखर बक्षीस आहे. त्याआधीच्या पिढीने युनिट ट्रस्टची १९६४ ची योजना पाहिली होती. त्या योजनेतील खरेदी-विक्रीचे दर रोजच्या मालमत्ता मूल्यावरून ठरत नव्हते, ट्रस्ट ते जाहीर करत असे. लाभांश दिला म्हणून दुसऱ्या दिवशी भाव तेवढाच पडला, असा अनुभव गुंतवणूकदाराला येत नव्हता. जुलै २००१ मध्ये त्या योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवावी लागली, तेव्हा जाहीर दर आणि खरे मूल्य यांतील अंतर सर्वांच्या लक्षात आले, पण ‘युनिटावर लाभांश मिळतो’ हे वाक्य मात्र घराघरांत टिकून राहिले. पीपीएफची शिस्त आणि जुन्या युनिटांची आठवण या दोन्ही घेऊन माणूस रोज मूल्यांकन होणाऱ्या फंडाकडे येतो आणि तेथेही तारखेमागे धावतो.

तिसरे कारण कराचे आहे. इक्विटी फंडांचा लाभांश अनेक वर्षे गुंतवणूकदाराच्या हाती करमुक्त येत होता. २०१८ मध्ये अशा योजनांवरही १० टक्के वितरण कर बसला, तरी तो फंड परस्पर भरत असल्यामुळे हातात पडणारी रक्कम करमुक्तच वाटत राहिली. १ एप्रिल २०२० पासून वितरण कर गेला आणि लाभांश गुंतवणूकदाराच्या उत्पन्नात मिळवून त्याच्या टप्प्याप्रमाणे कर लागू झाला. त्यावर १० टक्के करकपातही सुरू झाली. वर्षाला ज्या रकमेपर्यंत ती होत नाही, ती मर्यादा आधी ५ हजार रुपये होती, ती एप्रिल २०२५ पासून १० हजार झाली. नियम बदलून वर्षे लोटली, तरी ‘लाभांश म्हणजे करमुक्त’ ही समजूत कायम आहे.

येथे एक अपवाद सांगितलाच पाहिजे, नाहीतर माझे म्हणणे एकांगी ठरेल. नव्या करप्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंत एकूण उत्पन्न असलेल्या व्यक्तीला सवलतीमुळे कर शून्य होतो. या सवलतीत फंडाचा लाभांश बसतो, पण समभाग योजनेच्या विशेष दराच्या भांडवली नफ्याला ती लागू होत नाही. पेन्शनवर राहणारे माझे अनेक मित्र या मर्यादेच्या आत आहेत. त्यांना लाभांशावर कर लागत नाही, फार तर कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मागावी लागते. त्यांच्या बाबतीत रेकॉर्ड डेटच्या आधी घेतले काय किंवा नंतर घेतले काय, तोटाही नाही आणि फायदाही नाही. ‘फायदा नाही’ हे दोन शब्द मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

सेबीने या बाबतीत केलेले एक काम मला मोलाचे वाटते, पण ते मराठी वाचकापर्यंत पोहोचलेले नाही. ऑक्टोबर २०२० च्या परिपत्रकाने फंडांच्या ‘लाभांश’ पर्यायाचे नाव बदलले गेले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याला ‘उत्पन्न वितरण तथा भांडवल काढणे’ अशा अर्थाचे लांबलचक नाव मिळाले. कागदोपत्री त्याचे आयडीसीडब्ल्यू हे लघुरूप वापरतात. नाव बोजड आहे हे खरे, पण त्यातला ‘भांडवल काढणे’ हा भाग फार महत्त्वाचा आहे. आपण युनिट विकत घेतो तेव्हा भावाचा जो हिस्सा फंडाने आधीच मिळवलेल्या नफ्याचा असतो, तो समीकरण राखीव निधीत जमा होतो आणि पुढे लाभांश म्हणून वाटता येतो. काल आलेल्या गुंतवणूकदाराला तो नफा मिळालेलाच नसतो. त्याने तो पूर्ण किंमत मोजून विकत घेतलेला असतो. त्याला आज मिळणारी रक्कम म्हणूनच त्याचे भांडवल असते. वितरणातील किती रक्कम उत्पन्नाची आणि किती भांडवलाची, हे खाते उताऱ्यात वेगळे दाखवण्याचे बंधनही याच परिपत्रकाने घातले. भाच्याच्या उताऱ्यात ते दोन आकडे छापलेले होते, पण त्याने ते पाहिले नव्हते. बाजारात हे नाव कोणी उच्चारत नाही, सगळे ‘डिव्हिडंड’च म्हणतात, आणि मग आकर्षणही डिव्हिडंडचेच राहते.

आपले अनेक वाचक अमेरिकेत आहेत किंवा त्यांची मुले तेथे आहेत, म्हणून तेथील चित्राविषयीही थोडे लिहितो. माझी मुलगी न्यू जर्सीत नोकरी करते. गेल्या डिसेंबरमध्ये तिने विचारले, की ४०१-के या निवृत्ती खात्यातील फंड वर्षअखेर मोठे वितरण करणार आहे, तर नवी रक्कम आधी घालावी की थांबावे. ४०१-के आणि आयआरए, म्हणजे वैयक्तिक निवृत्ती खाते, या खात्यांच्या आत मिळणाऱ्या लाभांशावर त्या वर्षी कर लागत नाही. वितरणापूर्वी कमी युनिटे महाग भावाने घेतली आणि वितरणाच्या रकमेतून आणखी युनिटे आली, किंवा वितरणानंतर तेवढीच युनिटे स्वस्त भावाने घेतली, तरी खात्यातील रक्कम सारखीच राहते. शिवाय वर्गणी दर पगारातून कापली जाते. निवडीला जागाच फारशी नसते. मी तिला तारखेचा विचार सोडून देण्यास सांगितले. मात्र निवृत्तीसाठीचा तोच फंड तिने साध्या, करपात्र खात्यात घेतला असता, तर माझे उत्तर उलटे असते. अमेरिकी फंडांनी स्वतःवर कर लागू नये म्हणून आपले जवळजवळ सगळे उत्पन्न आणि वसूल झालेला नफा युनिटधारकांना वाटायचा असतो, आणि भांडवली नफ्याचे हे वाटप बहुधा डिसेंबरात होते. नोव्हेंबरात शिरलेल्याला वर्षभराच्या दुसऱ्याच्या नफ्यावर कर भरावा लागतो.

हे किती महाग पडू शकते, ते २०२१ मध्ये दिसले. व्हॅनगार्ड या कंपनीने डिसेंबर २०२० मध्ये आपल्या निवृत्ती फंडांच्या संस्थात्मक आवृत्तीसाठीची किमान रक्कम १० कोटी डॉलरवरून ५० लाख डॉलरवर आणली. अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांसाठी चालवलेल्या निवृत्ती योजना सामान्य आवृत्तीतून बाहेर पडून तिकडे गेल्या. त्यांचे पैसे देण्यासाठी सामान्य फंडांना चढ्या बाजारात आपली गुंतवणूक विकावी लागली आणि वसूल झालेला नफा मागे उरलेल्या युनिटधारकांच्या वाट्याला आला. काही फंडांचे त्या वर्षीचे वितरण मूल्याच्या सुमारे १५ टक्के होते. ४०१-के आणि आयआरएतील लोकांना काहीच झळ लागली नाही. करपात्र खात्यात तेच फंड ठेवलेल्यांच्या हाती मात्र अनपेक्षित कराची बिले आली. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगाने या प्रकरणी १० कोटी ६४ लाख डॉलरची तडजोड जाहीर केली. कंपनीने आरोप मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. फंड एकच, वितरणाची तारीख एकच, आणि परिणाम ठरला तो खात्याच्या प्रकारावरून. अमेरिकेत दलालांच्या नियमनासाठी असलेल्या फिनरा या संस्थेचा २३४१ क्रमांकाचा एक नियम आहे. लाभांशाच्या तारखेच्या तोंडावर युनिटे घेणे फायद्याचे आहे असे, करविषयक किंवा अन्य नेमका लाभ स्पष्ट केल्याशिवाय, ग्राहकाला सुचवण्यास तो मनाई करतो. त्याचा मराठी अनुवाद आपल्याकडील प्रत्येक एजंटाच्या टेबलावर काचेखाली असावा, असे मला फार वाटते.

मग आपल्याकडे करावे काय, असे भाच्याने विचारले. राष्ट्रीय पेन्शन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये, हा प्रश्न उद्भवतच नाही, कारण तेथे लाभांश वाटला जात नाही; मिळालेले सर्व उत्पन्न युनिटच्या मूल्यातच साठत जाते. म्युच्युअल फंडाच्या निवृत्ती योजनेतही लाभांश न वाटणारा वृद्धी पर्याय घेतला तर प्रश्न मिटतो. नोकरीत असलेल्या आणि कर भरणाऱ्या माणसाने निवृत्तीसाठीच्या योजनेत लाभांश पर्याय का घ्यावा, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही. जे पैसे साठाव्या वर्षी हवे आहेत ते पन्नासाव्या वर्षी कर भरून परत घेण्यात काय हशील? अडकलेल्या मुदतीत थोडी रक्कम हाती येत राहते, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येईल, पण ज्याला अशी रक्कम लागणार आहे त्याने मुळात पाच वर्षे अडकणाऱ्या योजनेत ती ठेवू नये. निवृत्तीनंतर दरमहा पैसे लागत असतील, तर वृद्धी पर्यायातून ठरावीक रक्कम काढत राहण्याची सोय आहे. त्यात काढलेल्या रकमेपैकी फक्त नफ्याच्या भागावर कर लागतो, आणि किती व कधी काढायचे ते आपण ठरवतो, फंड नव्हे. वितरण जाहीर होईल की नाही, किती होईल, याची फंडाकडून कसलीही हमी नसते, हेही पेन्शनऐवजी लाभांशावर महिन्याचे अंदाजपत्रक बांधणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

उलट दिशेचा अतिरेकही नको. लाभांश पर्यायच घ्यायचा असेल आणि मोठे वितरण दोन-चार दिवसांवर आले असेल, तर कर भरणाऱ्याने थांबावे, हे उघड आहे. पण वितरण मूल्याच्या एखाद्या टक्क्याचे असेल, तर ३० टक्के दरानेसुद्धा कराचा फरक गुंतवलेल्या रकमेच्या एक तृतीयांश टक्क्याहूनही कमी पडतो, आणि बाजार तेवढा एका दुपारी हलतो. त्यासाठी महिनाभर पैसे बचत खात्यात पाडून ठेवणारे गृहस्थही मी पाहिले आहेत. दरमहा हप्त्याने गुंतवणाऱ्याने तर या भानगडीत पडूच नये.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक विनंती आहे. लाभांश जाहीर झाल्याच्या सूचना आणि बातम्या आपण छापता, आणि त्या वाचूनच अनेक जण निर्णय घेतात. अशा बातमीत प्रतियुनिट लाभांशाच्या रकमेशेजारी त्या दिवशीचे मालमत्ता मूल्य आणि वितरणानंतर ते अंदाजे किती होईल, हे दोन आकडे द्यावेत, दर्शनी मूल्यावरचे टक्के देऊ नयेत, आणि पर्यायाचे नाव ‘लाभांश’ न लिहिता ‘उत्पन्न वितरण तथा भांडवल काढणे’ असेच पूर्ण लिहावे. त्यासाठी बातमीत एखादी ओळ जास्त लागेल. येत्या मार्चच्या आत हे सुरू झाले तर बरे होईल, कारण संदेश तेव्हाच येऊ लागतात.

कळावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखापाल, सांगली